रुपेशचा फायटर

रविवारी दुपारी रुपेशने मासा घरी आणला आणि मंगळवारी संध्याकाळी रुपेशच गेला. मधल्या दोन दिवसांत माशाने काही खाल्लं नव्हतं.

वर्ध्याजवळच्या आंजी मोठी या गावाच्या टोकाला कैलास आणि वच्छला यांचं घर. मागे दीड एकराची वाडी, तिच्यात वांगी, पालक, मेथी आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर. रुपेश त्यांचा एकुलता एक, चोवीस वर्षांचा. सावंगीला दवाखान्यासमोरच्या एका औषधाच्या दुकानात कामाला होता. सकाळी मोटरसायकलवर जायचा, अंधार पडता पडता परत यायचा.

त्या रविवारी तो आला तेव्हा त्याच्या हातात पाण्याने फुगलेली एक पिशवी होती. पिशवीत बोटाएवढा निळा मासा. शेपटी अंगापेक्षा मोठी, पदरासारखी पसरलेली. वच्छलेने लोणच्याची मोठी काचेची बरणी धुऊन दिली.

"याले फायटर म्हंतेत, आई," रुपेश म्हणाला.

कैलास वाडीतून हातपाय धुऊन आत आला. बरणीत वाकून बघितलं. "मासा आणला तं दोन किलोचा आणाचा ना गा. एवढ्याशानं कोनाचं पोट भरते?"

"खाले नाई आणला बाबा. पाळाले आणला."

"घ्या. लोकाइचे पोरं बायको आणून राह्यले, आमच्यानं मासा आणला."

वच्छला हसली. रुपेशही हसला, पण मान खाली घालून. "तेही आणीन," तो म्हणाला.

सोमवारी त्याने दोन बारीक दाणे पाण्यावर टाकले. माशाने ढुंकूनही पाहिलं नाही. रुपेशने चमच्याने दाणे काढून घेतले आणि आईला बजावलं, "नवीन जागा हाये त्याले. भेला हाये. दोन-तीन दिवस नाई खात असे मासे. तू पोळीचा तुकडा-फिकडा नको टाकजो."

मंगळवारी परत येताना रस्त्यात कापसाने भरलेली ट्रॉली उभी होती. मागे दिवा नव्हता; रुपेशची मोटरसायकल तिच्यावर आदळली. लोकांनी उचलून नेलं, पण दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

पुढचे दिवस वच्छलेला नीट आठवत नाहीत. घर माणसांनी भरलेलं. शेजारणी डबे आणत होत्या. कैलासची मोठी बहीण शकुबाई आर्वीहून येऊन राहिली आणि तिनेच घर हातात घेतलं. रुपेशचा फोटो भिंतीतल्या फळीवर ठेवला, त्याच्यापुढे दिवा आणि उदबत्ती. फळीवर बरणी होती, ती कोणीतरी मागे सरकवून दिली.

सहाव्या दिवशी वच्छला फोटोकडे बघत बसली होती. दिव्यामागे काहीतरी हललं. ती उठली. पाणी गढूळ झालेलं, काचेवर उदबत्तीची राख. मासा तळाशी आडवा पडला होता. निळा रंग उतरून राखाडी झालेला, शेपटी चुरगळलेल्या कागदासारखी मिटलेली. मेला असं वाटून तिने बरणीला हात लावला, तर त्याचा एक पंख हलला. सावकाश वर येऊन त्याने पाण्यावरची हवा घेतली आणि पुन्हा खाली गेला.

"माय वं," वच्छला म्हणाली. सहा दिवसांत तिच्या तोंडून निघालेला रडण्यावेगळा तो पहिला शब्द.

शकुबाई म्हणाली, "विहिरीत सोडून दे त्याले. मुका जीव घरात उपाशी मेला तं अजून पाप लागन."

"विहिरीचं पाणी बर्फ होऊन राह्यलं थंडीनं. मरन तो."

"मंग इथं काय जगून राह्यला?"

वच्छलेने बरणी उचलून माजघरात खिडकीशी ठेवली, धुरापासून लांब. दाण्यांची पुडी फळीवरच होती. पाच-सहा दाणे टाकून ती समोर बसून राहिली. दाणे तरंगले, फुगले, खाली गेले. मासा हलला नाही. सकाळी दाण्यांवर पांढरी बुरशी आली होती आणि पाण्याला वास.

"हे पाहा," तिने कैलासला बोलावलं. "तो काय खाते हे रुपेशलेच माईत होतं. आता कोनाले विचारू?"

कैलासने पुडी उलटी करून पाहिली. मागे दुकानाचा शिक्का होता, वर्ध्याचा. दुसऱ्या दिवशी त्याला पोलीस ठाण्यात सही करायला जायचंच होतं. पुडी खिशात घालून तो बसने गेला.

माशांचं दुकान एका गल्लीत होतं. भिंतीभर काचेच्या टाक्या, आणि खालच्या फळीवर ओळीने लहान बरण्या, प्रत्येकीत एकेक फायटर. बरण्यांच्या मधे पुठ्ठे लावलेले, मासे एकमेकांना दिसू नयेत म्हणून. दुकानदार भूपेंद्र, तिशीतला माणूस, जाळी धूत होता.

"माया पोरानं मागच्या रविवारी तुमच्याकडून फायटर नेलता," कैलास म्हणाला. "तो खातच नाई."

"कोणत्या रंगाचा, काका?"

"निळा. आंजीले."

भूपेंद्रने जाळी खाली ठेवली. कैलासच्या नुकत्याच भादरलेल्या डोक्याकडे बघितलं. "तुम्ही रुपेशचे बाबा का?"

कैलासने मान हलवली. भूपेंद्रने स्टूल पुढे केला, पाणी दिलं. मग त्याने एकेक गोष्ट समजावून सांगितली. नळाचं ताजं पाणी घालायचं नाही, दिवसभर उघडं ठेवलेलं घालायचं. सगळं पाणी एकदम बदलायचं नाही. थंडीने मासा गार पडतो, भूक मरते. दिवसा बरणी कोवळ्या उन्हाजवळ ठेवायची. देशी बदामाचं वाळलेलं पान पाण्यात टाकलं की त्याला बरं वाटतं. दाणा एकच टाकायचा, नाही खाल्ला तर काढून घ्यायचा. गडबड, धूर, माणसांची ये-जा नको.

"धा दिवस झाले उपाशी," कैलास म्हणाला. "जगन का?"

भूपेंद्र म्हणाला, "कालच एकीनं हेच विचारलं मले. कोणी चारलं नाई तर फायटर किती दिवस जगते म्हणून. मी सांगितलं, बारा दिवस, लय झाले तर पंधरा. ते ऐकून रडाले लागली."

"कोन?"

"त्या दिवशी दोन फायटर नेले होते, काका. निळा रुपेशनं आन् लाल त्या ताईनं. सोबतच आले होते." त्याने गल्ल्याजवळून एक चिठ्ठी काढली. "आंजीहून कोणी आलं तर द्या म्हणाली. नंबर हाये तिचा. रुपेशचं तिनंच सांगितलं मले."

कैलासने चिठ्ठी खिशात ठेवली. घरी येऊन त्याने वच्छलेला पाण्याचं सांगितलं, पानाचं सांगितलं. मुलीचं सांगितलं नाही.

वच्छला कामाला लागली. शाळेच्या आवारातल्या बदामाखालून पान आणलं, धुऊन बरणीत सोडलं. हंड्यात पाणी दिवसभर उघडं ठेवून वाटीवाटीने बदललं. सकाळी बरणी ओसरीत न्यायची, ऊन सरकलं की सरकवायची, चार वाजता आत आणून गोणपाट गुंडाळायची. शेजारणी बघून एकमेकींत कुजबुजायच्या. तिला त्याचं काही वाटत नव्हतं. हात रिकामे असले की छातीत कळ यायची, म्हणून हात रिकामे ठेवायचेच नाहीत, असं तिने ठरवलं होतं.

पाणी चहासारखं तांबूस झालं. मासा तळ सोडून मधे आला. रंग थोडा परतला. पण दाणा टाकला की जवळ यायचा, तोंडात घ्यायचा आणि फेकून द्यायचा. एकदा तिने गुरांच्या टाक्यातून डासांच्या दोन अळ्या आणून सोडल्या. त्या नाकासमोर वळवळल्या तरी तो बघतच राहिला. त्याचं पोट आत गेलं होतं. डोकं मोठं दिसायला लागलं होतं.

"खाय ना रे," ती काचेला तोंड लावून म्हणायची. "खाय ना बाबू."

दहाव्याचं करून कैलास नदीवरून परत आला. ओले कपडे न बदलता माजघरात आला आणि वच्छलेशेजारी खाली बसला.

"एक गोष्ट सांगाची राह्यली तुले," तो म्हणाला, आणि सगळं सांगितलं. चिठ्ठी तिच्या हातात दिली.

वच्छला चिठ्ठीकडे बघत राहिली. "दोन दिवस झाले. सांगतलं काऊन नाई तुमी?"

"काय सांगू? पोरगा गेला. आता त्याच्यामांगं त्या पोरीचं नाव कायले काढाचं? कोन हाये, कोनाची हाये. तिच्या घरी समजलं तं तिचंच वाईट होईन."

"मंग आता काऊन सांगता?"

कैलासने बरणीकडे बोट केलं. "हा मेला तं तिले कोन सांगन?"

शकुबाई बाहेर बायकांत होती. वच्छलेने दार लोटलं आणि कैलासच्या फोनवरून नंबर लावला. पलीकडे एक बारीक आवाज आला. वच्छला म्हणाली, "मी रुपेशची आई बोलून राह्यली."

फोन कटला असं तिला वाटलं. मग तो आवाज म्हणाला, "काकू, मासा जिवंत आहे का?"

"हाये बाई. पण खात नाई."

"मी येऊ?"

वच्छलेने कैलासकडे पाहिलं. तो भिंतीकडे तोंड करून उभा होता. "येजो," ती म्हणाली.

शनिवारी, तेरवीच्या आदल्या दिवशी दुपारी ती आली. घरात तांदूळ निवडणं चाललं होतं, अंगणात मांडव घातला जात होता. साधा पंजाबी ड्रेस, केस घट्ट बांधलेले, डोळ्यांखाली काळं. फोटोसमोर उभी राहिली, हात जोडले आणि लगेच मान फिरवली.

"ही कोन वं?" शकुबाईने विचारलं.

वच्छलेने मुलीच्या तोंडाकडे बघितलं. त्या तोंडावरची भीती तिला समजली. "दवाखान्यातली हाये," ती म्हणाली. "तिच्याकडं असाच मासा हाये. पाहाले बोलावली मी."

"मासाच पाहून राह्यली तू," शकुबाई म्हणाली आणि तांदळाकडे वळली.

मुलीचं नाव सपना. समुद्रपूरची, वडलांचं तिथे कापडाचं दुकान. ती सावंगीला दवाखान्यात रिपोर्टच्या खिडकीवर कामाला, दोन मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहायची. ती बरणीसमोर गुडघ्यांवर बसली. बराच वेळ बघत राहिली.

"काकू, लसूण आहे का घरात?"

"लसूण? कायले?"

"माझाही दोन दिवस खात नव्हता. मंगळवारी दुपारी रुपेशचा फोन आला होता. लसूण ठेचून पाण्यात कालव म्हणाला, त्यात दाणा भिजव. वासानं खातो. त्यानं कुठंतरी वाचलं होतं. घरी गेल्यावर माझ्यालाही तेच करतो म्हणाला. मग फोन ठेवला."

वच्छला उठली. परसदारी पडवीत मागच्या वर्षीच्या लसणाची जुडी टांगलेली होती. सपनाही मागे आली. वच्छला गड्डी सोलायला लागली आणि पाठमोरी असतानाच म्हणाली, "लग्न कराचं होतं का तुमाले?"

तिने वळून पाहिलं. सपना पडवीच्या खांबाला धरून उभी होती आणि तोंडात ओढणीचा बोळा कोंबला होता, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. बारा दिवस तिने खोलीवर, खिडकीवर, घरच्या फोनवर असंच केलं असावं. वच्छलेने लसूण खाली टाकला आणि तिला जवळ घेतलं.

"रड बाई. इथं कोनी नाई."

"मार्चमध्ये सांगणार होता तुम्हाला," सपना हुंदक्यांतून म्हणाली. "आधी तुम्हाला, मग माझ्या घरी. माझ्या घरचे ऐकले नसते, पण तो म्हणायचा, माझी आई ऐकेल. मी त्याच्या मातीला आले होते काकू. रस्त्याच्या पलीकडे उभी होते. आत कशी येऊ?"

वच्छलेला त्या दिवसातलं काहीच आठवत नव्हतं, रस्त्याच्या पलीकडे कोण उभं होतं हे कसं आठवणार? तिने फक्त मुलीच्या पाठीवरून हात फिरवला. रुपेश लहानपणी तापाने फणफणला की ती असाच हात फिरवत असे.

डोळे पुसून दोघी आत आल्या. वच्छलेने खलबत्त्यात एक पाकळी ठेचली. वास माजघरभर झाला, बाहेर गेला. शकुबाई दारात येऊन उभी राहिली.

"वच्छले! उद्या तेरवी हाये. सुतकात लसूण ठेचून राह्यली?"

"माशासाठी हाये, बाई."

"डोकं फिरलं का तुयं? लोकं काय म्हणतीन?"

मांडवातून कैलास आत आला. त्याने खलबत्ता बघितला, सपनाकडे बघितलं. "राहू दे, बाई," तो बहिणीला म्हणाला. "रुपेशनं सांगतलं होतं तसं करून राह्यले ते."

शकुबाईला काही कळलं नाही, पण भावाचा आवाज ऐकून ती दारातच उभी राहिली.

सपनाने वाटीत चार थेंब पाणी घालून लसणाचा रस कालवला आणि त्यात तीन दाणे टाकले. दहा मिनिटं दाणे भिजू दिले. मग काडीच्या टोकावर एक दाणा घेऊन तिने अलगद पाण्याला टेकवला. मासा वर आला. दाण्याभोवती फिरला. तोंडात घेतला, फेकला. दाणा खाली जायला लागला तसा मासा वळला, त्याच्यामागे गेला आणि गिळला.

"घेतला," कैलास म्हणाला.

दुसरा दाणा त्याने लगेच घेतला. तिसरा सपनाने दिला नाही. "इतके दिवस उपाशी होता. एकदम नको."

वच्छला तिथेच भिंतीला टेकून बसली. तिला बरं वाटलं आणि त्याच क्षणी एवढं वाईट वाटलं की तिला उठता येईना. हे सांगायला तिला रुपेशच हवा होता. संध्याकाळी गाडीचा आवाज आला की दारात जाऊन म्हणायचं, अरे, खाल्लं त्यानं. दुसऱ्या कोणाला सांगून त्याचं काय?

तिने सपनाला जेवायला बसवलं. शेजारच्या घरून आलेलं वरण, भात आणि बिनफोडणीची भाजी. सपना नको नको म्हणत होती. वच्छलेने ताट समोर ठेवून सांगितलं, "जेवून जाय. या घरातून उपाशी नको जाऊ." सपनाने खाली मान घालून सगळं ताट संपवलं.

बसपर्यंत कैलास सोबत गेला. एका पिशवीत त्याने वांगी, पालक आणि सांभाराची जुडी भरून घेतली होती. स्टँडवर उभं असताना तो म्हणाला, "मासा आणला त्या दिवशी मी त्याले हासलो होतो. बायको आण म्हणलं. काही बोलला का तो तुयाजवळ?"

सपनाने क्षणभर विचार केला. "बोलला होता. बाबांनी विचारलं म्हणून खूश होता."

ते खरं होतं की त्याच्यासाठी म्हटलं होतं, हे कैलासला कधी कळलं नाही. बस आली. पिशवी तिच्या हातात देऊन तो म्हणाला, "बापाच्या घरी काही बोलू नको. जे होतं ते आमच्याजवळ राहू दे."

तेरवी झाली, शकुबाई आर्वीला गेली, माणसं पांगली. मासा रोज दोन दाणे खायला लागला. पंधरा दिवसांत लसूण लागेनासा झाला. त्याचा निळा इतका गडद झाला की उन्हात बरणी चमकायची. वच्छला सकाळी भाजी खुडायला जाण्याआधी त्याला दाणे द्यायची.

सपना दोनदा आली. जानेवारीत एकदा आणि फेब्रुवारीत एकदा. बाकी फोन करायची, रविवारी दुपारी, मैत्रिणी बाहेर गेल्यावर. बोलणं माशावरून सुरू व्हायचं आणि रुपेशवर जायचं. वच्छलेला माहीत नसलेला रुपेश तिला या फोनमधून थोडा थोडा कळायचा: तो गाणं गुणगुणायचा, चहात साखर घालायचा नाही, खिडकीवर रांग असली की मागे उभा राहून वाट बघायचा. वच्छला तिला लहानपणचं सांगायची.

फेब्रुवारीच्या शेवटी फोन आला तेव्हा सपना रडत होती. तिचा लाल मासा मेला होता. सकाळी उठली तर पाण्यावर तरंगत होता. कारण कळलं नाही. "मी सगळं नीट करत होते काकू," ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. वच्छला ऐकत राहिली. हे रडणं माशाचं नव्हतं, हे दोघींनाही ठाऊक होतं. तिला मातीला रडता आलं नव्हतं.

एप्रिलमध्ये सपनाने फोनवर सांगितलं की हिंगणघाटची सोयरीक जमली आहे. मुलाचं धान्याचं दुकान आहे. माणसं बरी वाटतात. लग्न मे महिन्यात, नोकरी सोडायची आहे.

"तुम्हाला वाईट वाटेल," ती म्हणाली.

"वाटते," वच्छला म्हणाली. "पण तुयं वय काय हाये? कर बाई. सुखानं राह्य. त्याचं नाव तिथं कोनापाशी काढू नको."

"मग मी फोन केला तर..."

"नको करू. त्या घरी मांगचं काही नको. मीही नाई करनार."

मग सपना म्हणाली, "ठेवते काकू," आणि फोन ठेवला गेला.

कैलास ओसरीत मेथीच्या जुड्या बांधत होता. "काय म्हणे?" त्याने विचारलं.

"लग्न ठरलं तिचं."

त्याच्या हातातली जुडी तशीच राहिली. "कुठी?"

"हिंगणघाटले."

"चांगलं झालं," तो म्हणाला. दोरी दातांत धरून त्याने गाठ मारली, जुडी टोपल्यात ठेवली आणि पुढची घेतली. वच्छला त्याच्याशेजारी बसली. उन्हाने मेथी सुकायला लागली होती. तिने टोपल्यावर ओलं फडकं टाकलं आणि तीही जुड्या बांधायला लागली.